ठळक तिरपा टंक : स्वभाव, उपयोग आणि देवनागरीचा प्रश्न

१

मुद्रित अक्षराच्या रूपाचा विचार मुद्रकाने करावा, अभ्यासकाने केवळ मजकुराची चिंता वाहावी, अशी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी ही श्रमविभागणी काही अंशी समर्थनीय होती. कारण लेखकाच्या हाती हस्तलिखित देण्यापलीकडे फारसे काही नव्हते आणि जुळाऱ्याच्या पेटीत जे खिळे असतील त्यांतूनच निवड करावी लागे. आज परिस्थिती निराळी आहे. संगणकावर लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी आता स्वतःच जुळारी झाला आहे. अक्षर ठळक करणे, तिरपे करणे अथवा दोन्ही एकदम करणे ही त्याच्या बोटाखालची गोष्ट आहे आणि ती तो मुक्तहस्ताने करीत असतो. या मुक्ततेचा परिणाम केवळ शोभेपुरता मर्यादित राहिला असता तर या पत्रिकेची पाने त्यासाठी खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हा परिणाम अर्थापर्यंत पोहोचतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

काही काळापूर्वी एक प्रबंधिका परीक्षणार्थ हाती आली. मराठीतील वचनव्यवस्था हा तिचा विषय. लेखिकेने उद्धृत रूपे सर्वत्र ठळक तिरप्या अक्षरांत छापली होती आणि तिचा हेतू निर्दोष होता : चर्चेची भाषा आणि चर्चिलेली भाषा वेगळी दिसावी. एका परिच्छेदात 'विद्यार्थ्याचे' आणि 'विद्यार्थ्यांचे' ही रूपे परस्परभेद दाखविण्यासाठी शेजारी शेजारी दिली होती. छापील प्रतीत ती दोन्ही रूपे एकसारखी दिसत होती. रफार जाड होऊन उजवीकडे सरकला होता, अनुस्वाराचा बिंदू त्यात मिसळून गेला होता; आणि ज्या एका बिंदूवर संपूर्ण युक्तिवाद उभा होता तोच पानावरून नाहीसा झाला होता. चूक ना लेखिकेची होती, ना मुद्रितशोधकाची. ती अक्षराच्या रूपाची होती. प्रस्तुत लेखाचा उगम त्या परिच्छेदात आहे.

ठळक तिरपा टंक म्हणजे नेमके काय, त्याचा स्वभाव कोणता, त्याचे योग्य कार्यक्षेत्र कोणते, आणि रोमन लिपीत घडलेली ही वस्तू देवनागरीत आणताना तिच्यातील काय येते व काय येत नाही, हे प्रश्न येथे क्रमाने विचारात घ्यावयाचे आहेत. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक विशिष्ट टंक नमुन्यादाखल घेतला आहे : अमेरिकेतील 'कूपर ब्लॅक इटॅलिक'.

२

ठळकपणा आणि तिरपेपणा हे दोन गुण आज आपल्याला एकाच पंक्तीतील दोन कळांसारखे वाटतात. इतिहासात मात्र ते तीनशेहून अधिक वर्षांच्या अंतराने आणि अगदी भिन्न कारणांनी जन्माला आले.

इटॅलिक टंक प्रथम व्हेनिस येथे आल्डस मानुशियस या मुद्रकाच्या छापखान्यात वापरात आला. फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने त्याचे ठसे कोरले आणि १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची लहान आकाराची आवृत्ती त्यात छापली गेली. या अक्षराचे मूळ त्या काळच्या विद्वानांच्या व कचेऱ्यांतील लेखनिकांच्या धावत्या हस्ताक्षरात होते. त्याचे मर्म धावत्या वळणात आहे, केवळ कलात नव्हे, हे एका गोष्टीवरून स्पष्ट होते : आल्डसच्या इटॅलिकमधील मोठी अक्षरे उभीच होती. लहान अक्षरे मात्र अरुंद, परस्परांना सांधू पाहणारी, एका झोकात लिहिल्यासारखी होती. शिवाय हा टंक आरंभी जोर देण्यासाठी वापरला जात नसे. संपूर्ण ग्रंथच त्यात छापले जात. रोमन अक्षराचा सोबती, म्हणजे उभ्या मजकुरात वेगळा शब्द दाखविणारे साधन, हे स्थान त्याला पुढे हळूहळू प्राप्त झाले.

ठळक अक्षराची कथा वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातीची छपाई वाढली. भिंतीवरच्या कागदाने रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबविले पाहिजे, या गरजेतून अतिस्थूल अक्षरे निर्माण झाली. ग्रंथाच्या पानात साध्या अक्षराचा सोबती म्हणून जाड अक्षर वापरण्याची कल्पना त्यानंतरची. १८४५ साली रॉबर्ट बेस्ली याच्या टंकशाळेने नोंदविलेला 'क्लॅरेंडन' हा टंक या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. कोशातील शीर्षशब्द उठून दिसावा, पण त्याने ओळ मोडू नये, हे काम त्याने केले.

म्हणजे इटॅलिकचा जन्म हस्ताक्षरातून, ठळकाचा जन्म भिंतीवरील हाकेतून. एकाला वेग हवा असतो, दुसऱ्याला वजन. या दोहोंचा संयोग मूलतःच विसंवादी आहे. जड वस्तू सहसा धावत नाही. ठळक तिरपा टंक निर्माण करणाऱ्या प्रत्येकाला या विसंवादाचे काही तरी उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तराच्या गुणवत्तेवरच अशा टंकाची परीक्षा झाली पाहिजे.

३

ऑस्वाल्ड कूपर (१८७९–१९४०) हा शिकागो येथील अक्षरलेखक. जाहिरातींसाठी हाताने अक्षरे रेखाटणे हा त्याचा व्यवसाय होता. त्याचा 'कूपर ब्लॅक' हा टंक १९२२ साली बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टंकशाळेने विक्रीस आणला आणि त्याला मोठा खप लाभला. त्याचा तिरपा सोबती 'कूपर ब्लॅक इटॅलिक' १९२६ साली पूर्ण झाला.

कूपर ब्लॅकमध्ये कोन जवळजवळ नाहीत. अक्षरांच्या पायाशी व माथ्याशी असणारी टोके शाई पसरावी तशी गोलसर सुटलेली आहेत. जाड व बारीक रेषांतील फरक थोडा आहे. अक्षराच्या पोटातील मोकळी जागा लहान, परंतु निश्चित आकाराची आहे. लहान अक्षरांचे मधले अंग उंच ठेवलेले आहे आणि ओळीखाली उतरणारे शेपूट आखूड केले आहे, त्यामुळे ओळी एकमेकींजवळ बसविता येतात. 'ओ' या अक्षराचे पोट किंचित मागे रेललेले आहे. हा बारीक तपशील महत्त्वाचा आहे. मागे रेललेल्या पोटामुळे एवढे जड अक्षरही दगडासारखे न दिसता फुगलेल्या कणकेसारखे दिसते. त्याला हाताचा स्पर्श आहे असे वाटते.

तिरप्या रूपात कूपरने हाच मऊपणा कामास लावला आहे. वजन आणि वेग यांतील विसंवादावर त्याचे उत्तर असे की, जड वस्तू धावत नसली तरी घरंगळू शकते. कोपरे नसल्यामुळे ही अक्षरे ओळीवरून लोळत पुढे जातात. लहान अक्षरांना हस्तलेखनाची वळणे दिलेली आहेत. उभ्या अक्षराला नुसते ढकलून ती तयार केलेली नाहीत. म्हणून शब्दाचा एकसंध घाट निर्माण होतो आणि दुरून पाहणाऱ्याला अक्षरे सुटी सुटी वाचण्याऐवजी शब्द एकदम उचलता येतो. जाहिरातीच्या टंकाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. या मर्यादेत हे अक्षर यशस्वी आहे, असे निःसंकोचपणे म्हणता येईल.

परंतु त्याच्या स्वभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या अक्षराला हळू बोलता येत नाही. त्यात जे छापावे ते आनंदी, खाऊपिऊ घालणारे, पाठीवर थाप मारणारे वाटते. बेकरीची पाटी त्यात शोभते. शोकसंदेश शोभणार नाही. आकार लहान केला की पोटातील मोकळी जागा भरून येते आणि अक्षर निव्वळ डाग बनते. एका ओळीपलीकडे दुसरी, तिसरी ओळ त्यात वाचावी लागली तर डोळा थकतो. कारण जोर हा भेदावर अवलंबून असतो आणि सर्वच मजकूर जोराने सांगितला की भेद उरत नाही.

उत्तरकाळात कूपर ब्लॅकचे जे पुनरुज्जीवन झाले ते प्रायः उभ्या रूपाचे झाले, ही गोष्टही सूचक आहे. द बीच बॉईज या गायकवृंदाच्या १९६६ सालच्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, किंवा ईझीजेट या विमान कंपनीची नाममुद्रा, यांतील अक्षर उभे आहे. तिरपे रूप मागे का पडले? उभ्या जाड अक्षरात एकच संकेत असतो : येथे पाहा. तिरप्या जाड अक्षरात दोन संकेत एकदम असतात : येथे पाहा, आणि पुढे चला. दोन संकेतांची गरज असलेले प्रसंग थोडेच असतात. शीघ्र विक्री, शर्यत, नव्या मालाचे आगमन, क्वचित उत्सव. जेवढा संकेत अधिक विशिष्ट तेवढे त्याचे क्षेत्र लहान, हा चिन्हव्यवहाराचा सामान्य नियम येथेही खरा ठरतो. ठळक तिरप्या टंकाची उपयुक्तता त्याच्या दुर्मिळतेत आहे.

४

कूपरचे तिरपे अक्षर पूर्ण झाले त्याच १९२६ साली इंग्लंडमध्ये स्टॅन्ली मॉरिसन याने 'द फ्लूरन' या नियतकालिकात आदर्श इटॅलिकविषयी एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : इटॅलिक आता स्वतंत्र अक्षर राहिलेले नसून रोमनचे सोबती झाले आहे, तेव्हा त्याने हस्ताक्षरी वळणे सोडून द्यावीत आणि केवळ कललेले रोमन व्हावे. या मताला अनुसरून काही प्रयोग झाले. व्हॅन क्रिंपेन या डच रेखाटनकाराने 'रोम्युलस' या टंकासाठी असे कललेले रोमन तयार केले. परंतु ग्रंथमुद्रणाने हा मार्ग फारसा स्वीकारला नाही आणि खुद्द मॉरिसनचा आग्रहही पुढे सौम्य झाला.

मॉरिसनचा विचार तर्काला धरून होता. मग तो व्यवहारात का रुजला नाही? याचे उत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला कठीण जाऊ नये. दोन चिन्हांतील भेद वापरणाऱ्याला सहज जाणवला तरच तो भेद कार्यक्षम होतो. उभे व कललेले ही दोन रूपे एका लक्षणाने वेगळी होतात. रोमन व खरे इटॅलिक अनेक लक्षणांनी, म्हणजे रुंदी, वळण, सांधे आणि कल अशा सर्व अंगांनी. लक्षणे अनेक असली की त्यांतील एखादे धूसर झाले तरी भेद टिकतो. एकाच लक्षणावर विसंबलेला भेद पहिल्याच वाईट छपाईत कोसळतो.

यांत्रिक कलाचा आणखी एक दोष आहे आणि तो शुद्ध भूमितीचा आहे. अक्षराचा माथा उजवीकडे सरकवून ते तिरपे केले की आडव्या रेषा होत्या तशाच राहतात. उभ्या रेषा कलतात. डावीकडून खाली उजवीकडे उतरणाऱ्या रेषा अधिक उभ्या आणि जाड होतात. उजवीकडून खाली डावीकडे उतरणाऱ्या रेषा अधिक लवंडतात आणि बारीक होतात. वर्तुळ सुजल्यासारखे दिसू लागते. बारीक अक्षरात हा बिघाड डोळ्यांना फारसा जाणवत नाही; ठळक अक्षरात तो लपत नाही, कारण तेथे रेषेच्या जाडीतच सगळे सौंदर्य असते. म्हणून ठळक तिरपे अक्षर हाताने नव्याने रेखाटावे लागते. कूपरने तेच केले.

५

आता देवनागरीकडे वळू. संगणकावर मिळणारी देवनागरीची अनेक उत्तम टंककुटुंबे तिरप्या रूपाशिवायच सिद्ध केलेली आहेत. उदाहरणार्थ, 'मुक्ता' या कुटुंबात बारीकापासून अतिठळकापर्यंत अनेक वजने आहेत, तिरपे रूप नाही. अशा टंकाला लेखकाने तिरपे होण्यास सांगितले तर संगणक आपल्या बळावर त्याला ढकलतो. आपल्या प्रबंधिकांतील ठळक तिरपी अक्षरे बहुतेक याच जातीची आहेत. मॉरिसनला निदान एक सिद्धान्त होता. येथे सिद्धान्तही नाही.

या ढकलण्याने देवनागरीचे काय होते? पहिली गोष्ट शिरोरेषेची. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. शिरोरेषा आडवी असल्यामुळे यांत्रिक कलाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. माथ्यावर अविचल आडवी रेषा आणि तिच्याखाली डावीकडे मागे ओढले गेलेले दंड, असा देखावा तयार होतो. वाऱ्याने दोरीवरील कपडे एका बाजूस उडावेत तसा शब्द दिसतो. रोमन शब्द पुढे झुकून चालतो. देवनागरी शब्द अशा वेळी मागे खेचला जातो. कोन तोच, परिणाम उलटा.

दुसरी गोष्ट अक्षरांतर्गत विसंवादाची. 'र'चा पाय, 'स' व 'ख' यांतील तशीच उतरती रेषा, हलन्ताचे चिन्ह, एकाराची मात्रा, ही सर्व डावीकडून वरून उजवीकडे खाली येणाऱ्या दिशेची आहेत. कल देताच ती जवळजवळ उभी होतात. त्याच वेळी काना आणि उभे दंड मात्र कललेले असतात. म्हणजे जे उभे होते ते तिरपे झाले आणि जे तिरपे होते ते उभे झाले. 'सरकार' हा शब्द या दृष्टीने पाहावा. त्यातील दंड आणि उतरत्या रेषा यांची जणू अदलाबदल होते आणि शब्दाची दिशा कोणती हे डोळ्याला ठरविता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट भेदांची. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातील फरक बराचसा शिरोरेषेतील एका लहानशा फटीवर व शेजारच्या गाठीवर अवलंबून आहे. 'ब' आणि 'व' यांतील फरक पोटातील एका रेषेचा. अक्षर ठळक केले की फट आकसते आणि पोट भरते. त्यावर कल दिला की उरलेली मोकळी जागाही दबते. 'घार' आणि 'धार', 'भाला' आणि 'माला', 'बार' आणि 'वार' या जोड्या संदर्भाने ओळखता येतील, हे खरे. परंतु भाषाशास्त्रीय लेखनात उद्धृत रूप संदर्भापासून तोडूनच दिलेले असते. जेथे वाचक संदर्भाचा आधार घेऊ शकत नाही तेथेच आपण त्याच्यापुढे सर्वांत दुर्वाच्य अक्षर ठेवतो, हा विपर्यास आहे.

आणि सर्वांत अखेरीस अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. जे उरले त्यांच्यावरील जबाबदारी त्यामुळे वाढली. 'शिक्षकाचा' आणि 'शिक्षकांचा', 'गावाला' आणि 'गावांना', 'घरात' आणि 'घरांत' या जोड्या पाहाव्यात. मधल्या जोडीत प्रत्ययही बदलतो, म्हणून बिंदू गेला तरी वचन कळते. पहिल्या व तिसऱ्या जोडीत एकवचन-अनेकवचनाचा सगळा भार त्या एका बिंदूवर आहे. आमच्या लिपीतील सर्वांत लहान चिन्ह व्याकरणातील एक मोठी कोटी वाहून नेत आहे. ठळक तिरप्या अक्षरात तो बिंदू रफाराला, वेलांटीला किंवा मात्रेला चिकटतो. प्रबंधिकेतील तो परिच्छेद अपघाताने बिघडलेला नव्हता. तो तसाच बिघडणार होता.

६

यावर असे विचारले जाईल की, मग मराठीने जोर कसा दाखवावा? या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : इंग्रजीला जेथे इटॅलिक लागते तेथे मराठीलाही लागत असावे. हे गृहीतक तपासून घेतले पाहिजे.

इंग्रजीत एकाच वाक्यातील निरनिराळ्या शब्दांवर आघात देऊन निरनिराळे अर्थ सूचित करता येतात. वाक्यरचना बदलण्याचे मार्ग त्या भाषेतही आहेत, परंतु नुसत्या आघातावर भागविण्याची प्रवृत्ती बलवत्तर आहे. आघात कागदावर उमटत नाही. म्हणून तिरपे अक्षर त्याचे काम करते. मराठीत हे काम भाषेच्या अंगभूत साधनांनी होते. 'राम काल आला' या वाक्यावरून 'रामच काल आला', 'राम कालच आला', 'राम काल आलाच' ही तीन वाक्ये सिद्ध होतात. प्रत्येकातील जोर नेमका कोठे आहे हे 'च' सांगतो. वाचणाऱ्याने आवाज चढविला नाही तरी तो कळतो. 'ही', 'तर', 'देखील' ही अव्यये आणि शब्दक्रमातील लवचीकपणा ही साधने यांच्या जोडीला आहेत. म्हणून 'रामच' हा शब्द ठळक तिरपा छापणे म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगणे आहे : एकदा 'च'ने, एकदा वजनाने, एकदा कलाने. मराठी गद्यात असा अवडंबरी जोर दिसला की बहुधा समजावे, वाक्य लेखकाच्या मनात इंग्रजीत तयार झाले आहे.

खरी गरज निराळ्या ठिकाणी आहे. 'नदी खोल आहे' आणि 'नदी स्त्रीलिंगी आहे' या दोन वाक्यांत 'नदी' हा शब्द दोन भिन्न नात्यांनी येतो. पहिल्यात तो वापरला आहे. दुसऱ्यात त्याचा उल्लेख केला आहे. रोमन लिपीत लिहिणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी उल्लेखित रूपासाठी इटॅलिक आणि अर्थासाठी एकेरी अवतरणचिन्ह असा संकेत रूढ केला. मराठीत आपण रूप, अर्थ आणि ग्रंथनाम या तिन्हींसाठी एकेरी अवतरणचिन्हच वापरतो. प्रस्तुत लेखही याला अपवाद नाही. या गोंधळातून सुटण्यासाठी विद्यार्थी ठळक तिरप्या अक्षराकडे वळतात. त्यांची गरज खरी आहे. साधन चुकले आहे.

उल्लेखित रूपासाठी उभे, मध्यम वजनाचे अक्षर वापरावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ते मजकुराहून एक-दोन पायऱ्याच जाड असावे, अतिठळक नसावे. देवनागरी टंककुटुंबांत आता वजनाच्या अनेक पायऱ्या उपलब्ध असल्यामुळे हे सहज शक्य आहे. अर्थासाठी एकेरी आणि ग्रंथनामासाठी दुहेरी अवतरणचिन्ह राखून ठेवावे. या व्यवस्थेत भेद एकाच लक्षणावर उभा राहतो, असा आक्षेप वरील विवेचनाच्याच आधारे घेता येईल. तो योग्य आहे. परंतु वजनाचा फरक देवनागरीच्या घडणीला धरून आहे. शिरोरेषा, दंड, मात्रा ही सर्व त्यात एकदमच जाड होतात आणि कोणाचीही दिशा बदलत नाही. दुर्बळ पण प्रामाणिक भेद हा सबळ पण विध्वंसक भेदापेक्षा बरा.

७

वरील विवेचनाविरुद्ध दोन आक्षेप विचारार्ह आहेत.

पहिला असा की, देवनागरीला तिरपेपणा मुळातच परका आहे हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. चित्रपटांची भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या, मासिकांची शीर्षके यांत रंगाऱ्यांनी व अक्षरलेखकांनी ठळक तिरपी देवनागरी अक्षरे पिढ्यानुपिढ्या काढली आहेत आणि ती पुष्कळदा सुंदर आहेत. हे पूर्णतः मान्य केले पाहिजे. किंबहुना त्यांतच या प्रश्नाचे उत्तर आहे. ती अक्षरे लक्षपूर्वक पाहिली तर अनेकदा असे आढळते की तेथे दंडापेक्षा शिरोरेषाच हलविलेली असते. ती डावीकडून उजवीकडे चढत जाते आणि अक्षरे तिच्या आधाराने वर निघतात. म्हणजे गती आली ती लिपीच्या कण्यातून. शिवाय अक्षरलेखक प्रत्येक अक्षर त्या शब्दापुरते नव्याने काढतो. बिंदूला जागा नसेल तर जागा करतो, मात्रा आडवी येत असेल तर तिला बाक देतो. शिकागोत कूपरनेही याच हाताने काम केले होते. पाटी रंगविणाऱ्याचे यश हा यांत्रिक कलाचा बचाव होऊ शकत नाही. ते त्याच्यावरील सर्वांत कठोर टीका आहे. काळजीपूर्वक सिद्ध केलेली तिरपी आणि ठळक तिरपी रूपे असलेली 'अडोबी देवनागरी'सारखी कुटुंबेही आहेत, आणि आवश्यकता भासेल तेथे त्यांचाच विचार व्हावा.

दुसरा आक्षेप मोडीचा. इटॅलिकचा उगम धावत्या हस्ताक्षरात असेल, तर मराठीचे धावते हस्ताक्षर मोडी होते. बाळबोध आणि मोडी यांचे नाते रोमन आणि इटॅलिक यांच्या नात्यासारखे नव्हते काय? हा विचार मोहक आहे. मोडीचे खिळेही पडले होते. विल्यम केरी याचा १८१० चा मराठी कोश मोडी अक्षरांत छापलेला आहे. तथापि मोडी आणि बाळबोध यांतील अनेक अक्षरांची रूपे इतकी दूर गेलेली आहेत की मोडी न शिकलेल्या वाचकाला ती केवळ कललेली बाळबोध म्हणून वाचता येणार नाही. सोबत्याने वेगळे दिसावे, पण ओळख सोडू नये, ही अट मोडी पुरी करू शकत नाही. मोडीपासून घेण्यासारखे आहे ते तत्त्व : वेग हा हाताच्या वळणातून येतो, कोनातून येत नाही.

ठळक तिरप्या टंकाला मराठीत स्थान नाही, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. ग्रंथाच्या वेष्टनावर, संमेलनाच्या फलकावर, नाटकाच्या जाहिरातीत, जेथे दोन-चार शब्दांनी दुरूनच बोलावयाचे असते, तेथे त्याला स्थान आहे. मात्र तेथे ते हाताने किंवा हाताच्या शिस्तीने घडविलेले असावे. प्रबंधाच्या पानात, विशेषतः उदाहरणाच्या ओळीत, त्याला स्थान नाही.

यापुढे आपल्या विभागात प्रबंधिका मुद्रणास जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी निवडलेल्या अक्षरात काही मोजके शब्द छापून पाहावेत : 'विद्यार्थ्याचे' आणि 'विद्यार्थ्यांचे', 'घरात' आणि 'घरांत', 'घार' आणि 'धार', 'भाला' आणि 'माला', 'बार' आणि 'वार', 'खाना' आणि 'रवाना'. हातभर अंतरावरून, प्रकाश मंद असताना, या जोड्या जर निःसंदिग्धपणे वेगळ्या वाचता आल्या, तर ते अक्षर उभे असो वा तिरपे, ग्राह्य मानावे. न आल्यास ते कितीही देखणे असले तरी बाजूस ठेवावे. वचनव्यवस्थेवरील त्या प्रबंधिकेची लेखिका तिची रूपे आता उभ्या अक्षरात छापून घेत आहे. त्या परिच्छेदातील बिंदू पुन्हा दिसू लागला आहे आणि तिचा युक्तिवादही.